न्याहारीतील अंडे

कोंबडीचे अंडे हा ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत सकाळच्या न्याहारीचा रूढ पदार्थ मानला जातो. उकडून, तळून, उकळत्या पाण्यात फोडून, फेटून परतून किंवा ऑम्लेटच्या रूपात ते पावाबरोबर खाल्ले जाते. भारतात ही पद्धत मुख्यतः इंग्रजी अमदानीत आली. पारशी घरे, इराणी हॉटेले, लष्करी छावण्या व रेल्वेची उपाहारगृहे यांच्यामार्फत ती शहरांत पसरली आणि १९८० नंतर तिला संघटित जाहिरातीचे बळ मिळाले.

अंडे सकाळीच का खावे, याला एकच एक कारण देता येत नाही. कोंबडीचा स्वभाव, चुलीची सोय, ख्रिस्ती उपवासांचे नियम, कारखान्याचा भोंगा, शीतगृहे आणि जाहिरात अशा अनेक गोष्टी निरनिराळ्या काळी एकत्र येऊन ही रूढी घडली. ती वाटते तितकी जुनीही नाही. वर्षाचे बारा महिने रोज सकाळी अंडे मिळणे ही सामान्य माणसाच्या बाबतीत जेमतेम शंभर वर्षांतील गोष्ट आहे.

संज्ञा

इंग्रजीतील ‘ब्रेकफास्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ उपास सोडणे असा आहे. मराठीत त्याला ‘पारणे’ हा नेमका प्रतिशब्द आहे, पण तो व्रताच्या समाप्तीसाठी राखून ठेवलेला आहे. ‘नाश्ता’ हा शब्द फारसीतून आला असून तेथे त्याचा अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी असा होतो. रात्रभराच्या उपासानंतरचे पहिले अन्न ही कल्पना दोन्ही भाषांत सारखी असावी हे लक्षणीय आहे. पुढे दिसेल त्याप्रमाणे, उपवास आणि अंडे यांचे नाते केवळ शब्दापुरते नाही.

कोंबडी, सकाळ आणि चूल

कोंबडी सकाळी अंडी घालते, म्हणून ती सकाळी खाण्याची प्रथा पडली, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. त्यातील पहिला भाग खरा आहे. बहुतेक कोंबड्या दिवस उजाडल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा तासांत अंडे घालतात. मात्र कोंबडीच्या शरीरात एक अंडे पूर्ण होण्यास सुमारे २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे अंडे घालण्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि ती दुपारकडे झुकू लागली की कोंबडी एखादा दिवस अंडे चुकवते. म्हणजे पहाटे उठणाऱ्या कुटुंबाच्या न्याहारीपर्यंत त्या दिवशीची अंडी बहुधा आलेलीच नसत. पानात पडे ते आदल्या दिवशीचे अंडे. ताजेपणाचा हा युक्तिवाद ऐकायला गोड असला तरी फारसा टिकणारा नाही.

चुलीचे कारण त्यापेक्षा बळकट आहे. अंड्यातील पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो आणि पिवळा बलक त्याहून थोड्या अधिक उष्णतेला आळतो. नुकत्याच पेटवलेल्या चुलीवर, दोन-चार काटक्यांच्या आचेवर, पाच मिनिटांत शिजणारे आणि तरीही दुपारपर्यंत तग धरू देणारे दुसरे प्राणिज अन्न नाही. मांस शिजण्यास वेळ लागतो, कडधान्य आदल्या रात्री भिजत घालावे लागते. अंडे मात्र कवचात बंद असते, निसर्गानेच एका माणसाचा घास मोजून दिलेला असतो आणि त्यासाठी जनावर मारावे लागत नाही. खुराड्यातील कोंबड्या उष्टे-खरकटे, सांडलेले दाणे व किडे टिपून जगत, त्यामुळे गरीब घरालाही त्या परवडत. युरोपात काय किंवा आपल्याकडे काय, कोंबड्या पाळणे हे घरच्या बाईचे काम आणि अंड्यांचा पैसा हा तिच्या हातचा पैसा असे. याची दुसरी बाजू अशी, की गरिबाघरची अंडी पुष्कळदा घरात न खाता बाजारात जात.

युरोपातील पार्श्वभूमी

कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा. थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेली इ.स.पू. सुमारे १६५० ते १२५० या काळातील हाडे ही पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी निश्चित हाडे असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात कोंबडी इ.स.पू. ८०० च्या सुमारास पोहोचली. रोमन लोक अंडी आवडीने खात, पण न्याहारीला नव्हे. त्यांच्याकडे मुख्य भोजनाची सुरुवात अंड्याने आणि शेवट फळांनी होई.

मध्ययुगीन युरोपात न्याहारीलाच प्रतिष्ठा नव्हती. तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याने खादाडपणाच्या प्रकारांत वेळेआधी खाण्याची गणना केली आहे. सकाळी खाणे हे मुले, म्हातारे, आजारी आणि अंगमेहनत करणारे यांनाच माफ होते. शिवाय ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडी, दूध व लोणीही वर्ज्य असे. कोंबड्यांना अर्थातच हा नियम ठाऊक नव्हता, आणि वसंत ऋतू हाच त्यांचा अंडी घालण्याचा भराचा काळ. परिणामी उपवास सुरू होण्याआधी घरातील साठा संपवणे आणि उपवास सुटताच साचलेली अंडी खाणे असे दोन सण तयार झाले. ईस्टरची रंगवलेली अंडी दुसऱ्यातून आली, तर पहिल्यातून इंग्लंडमधील ‘कॉलप मंडे’. उपवासापूर्वीच्या या सोमवारी उरलेल्या खारवलेल्या डुकराच्या मांसाचे काप अंड्यांबरोबर तळून खात. श्रावण लागण्यापूर्वीची आपली गटारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या सोमवारामागची वृत्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बेकन व अंडी ही जोडी अशा रीतीने न्याहारीच्याही आधी सणाच्या निमित्ताने जुळलेली होती.

सतराव्या शतकात सर केनेल्म डिग्बी या सरदाराच्या मरणोत्तर, १६६९ मध्ये छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात पाण्यात शिजवलेली दोन अंडी आणि बेकनचे काप सकाळी खाण्यास वाईट नाहीत, असा अभिप्राय आढळतो. तोपर्यंत धर्मसुधारणेमुळे इंग्लंडमध्ये उपवासाचे नियम सैल झाले होते. मात्र डिग्बीची न्याहारी ही श्रीमंताची न्याहारी होती. सामान्य इंग्रज सकाळी पाव, बिअर किंवा जवाची पेज घेत असे.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. कारखान्यांचे व कचेऱ्यांचे ठरावीक तास सुरू झाले, दुपारचे मुख्य जेवण संध्याकाळकडे सरकले आणि घर सोडण्यापूर्वी पोटभर खाणे आवश्यक झाले. इझाबेला बीटन हिच्या १८६१ मधील गृहव्यवस्थापनावरील प्रसिद्ध पुस्तकात न्याहारीच्या पदार्थांत मासे, मटणाचे तुकडे, गुरदे, सॉसेज यांच्याबरोबर पाण्यात शिजवलेली अंडी, हॅमबरोबरची अंडी, ऑम्लेट व उकडलेली अंडी दिली आहेत. नोकरचाकर कमी होत गेले तसे त्या यादीतील खटाटोपाचे पदार्थ गळाले. मागे उरले ते अंडे, कारण ते घरच्या बाईला एकटीने, घाईत, एकाच तव्यावर करता येई.

खुराड्यापासून कारखान्यापर्यंत

रानकोंबडी वर्षाला १० ते १५ अंडी घालते. आजची व्हाइट लेगहॉर्न वंशातील संकरित कोंबडी ३०० च्या आसपास घालते. न्याहारीतील अंड्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन आकड्यांमधील अंतराचा इतिहास आहे.

गावरान कोंबडीच्या दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ती खुडूक बसते, आणि खुडूक बसली की अंडी थांबतात. दुसरी म्हणजे दिवस लहान झाले की अंडी घालणे मंदावते. भरपूर अंड्यांसाठी तिला रोज सुमारे १४ ते १६ तास उजेड लागतो. उत्तर युरोपातील हिवाळ्यात अंडी म्हणूनच दुर्मीळ आणि महाग असत. चुन्याच्या निवळीत किंवा पुढे सोडियम सिलिकेटच्या द्रावणात ती महिनोन्महिने ठेवीत, पण त्यांची चव ताज्या अंड्याची नसे. अशा परिस्थितीत रोज सकाळी अंडे ही कल्पनाच संभवत नव्हती.

१८४० नंतर चीनमधून आलेल्या कोचीन वगैरे मोठ्या जातींनी इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचे वेड पसरवले. १८४९ मध्ये बॉस्टन येथे कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्याने १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला ज्या कोंबड्या भेट पाठवल्या, त्या जातीचे ‘ब्रह्मा’ हे नाव आपल्या ब्रह्मपुत्रा नदीवरून पडले आहे. याच बर्नहॅमने पुढे या वेडाची टिंगल करणारे पुस्तक लिहिले. वेड ओसरले, तरी शास्त्रशुद्ध पैदाशीची आवड टिकली.

१८७९ मध्ये कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस याने व्यवहारात चालणारे उबवणी यंत्र तयार केले, आणि कोंबडीचे खुडूक बसणे अनावश्यक ठरले. १९११ मध्ये कॅनडात जोसेफ कॉयल या वृत्तपत्रकाराने अंड्यांसाठी खणांचा कागदी खोका काढला. अंडी फुटलेली पोहोचतात म्हणून एक शेतकरी आणि एक हॉटेलवाला यांच्यात चाललेले भांडण हे त्याचे निमित्त होते. विसाव्या शतकाच्या आरंभी खुराड्यांत कृत्रिम दिवे आले आणि १९२० नंतर ड जीवनसत्त्वाचा शोध लागल्यावर ऊन न लागताही कोंबड्या बंदिस्त जागेत जगवता येऊ लागल्या. अंडे ऋतूच्या बंधनातून सुटले ते या टप्प्यावर. त्याची किंमत पिंजऱ्यातील कोंबडीने मोजली. वहीच्या पानाएवढीही जागा वाट्याला न येणाऱ्या या पक्ष्यांच्या हालांवरून पुढे बराच वाद झाला आणि युरोपीय संघाने २०१२ पासून साध्या पिंजऱ्यांवर बंदी घातली.

जाहिरातीचा वाटा

१९२० च्या दशकात अमेरिकेत न्याहारी हलकी होत चालली होती. बॅटल क्रीक येथील डॉ. जॉन हार्वी केलॉग यांच्या आरोग्यधामातून निघालेले धान्याचे पोहेवजा पदार्थ घरोघरी पोहोचले होते, आणि कॉफी व टोस्टवर काम भागवणारे वाढले होते. बेकन विकणाऱ्या बीच-नट कंपनीने तेव्हा जनसंपर्क व्यवसायाचे प्रवर्तक एडवर्ड बर्नेज यांची मदत घेतली. बर्नेज यांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतीनुसार, त्यांनी एका डॉक्टरकडून सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्रे पाठवून भरपेट न्याहारी हलक्या न्याहारीपेक्षा बरी का, असे विचारले. सुमारे ४,५०० जणांनी होकार दिला. हा निष्कर्ष वृत्तपत्रांत बातमी म्हणून छापून आला आणि त्याच्या शेजारी बेकन व अंडी यांचे नाव जोडले गेले.

या प्रसंगावरून अंड्याची न्याहारी हा निव्वळ जाहिरातीचा बनाव आहे, असे म्हटले जाते. ते अतिशयोक्त आहे. डिग्बी आणि बीटन यांची पुस्तके बर्नेज यांच्या कितीतरी आधीची आहेत, आणि अमेरिकी शेतकरी अंडी व डुकराचे मांस पूर्वीपासून खातच होता. बर्नेज यांनी प्रथा निर्माण केली नाही; ढासळू लागलेल्या प्रथेला वैद्यकाचा टेकू दिला. प्रश्न भरपेट न्याहारीचा होता, बेकनचा नव्हता, हे मात्र विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. बातमीचे रूप घेतलेल्या जाहिराती आजही याच युक्तीने चालतात.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात माणशी आठवड्याला साधारण एक ताजे अंडे मिळे आणि बाकीची भूक अमेरिकेतून येणाऱ्या अंड्याच्या भुकटीवर भागवावी लागे. अंड्यांवरील नियंत्रण मार्च १९५३ मध्ये उठले. १९५७ मध्ये ब्रिटिश एग मार्केटिंग बोर्ड स्थापन झाले आणि अंडे खाऊन कामाला जा, अशा अर्थाची त्याची घोषणा लोकांच्या तोंडी बसली. दहा-बारा वर्षे अंड्याला पारखे झालेल्या लोकांना ती पटवावी लागली नसावी.

कोलेस्टेरॉलचा वाद

१९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा अधिक अंडी खाऊ नयेत, असा सल्ला दिला. एका मोठ्या अंड्याच्या बलकात सुमारे १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम धरली जात होती. पुढे असे दिसून आले, की अन्नातील कोलेस्टेरॉलचा रक्तातील कोलेस्टेरॉलवर होणारा परिणाम संपृक्त स्निग्धांच्या तुलनेत बहुतेकांमध्ये कमी असतो. अमेरिकेच्या २०१५–२०२० च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून ही अंकित मर्यादा वगळण्यात आली. साल्मोनेला या जंतूमुळे कच्चे किंवा अर्धकच्चे अंडे लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांनी टाळावे, हा सल्ला मात्र कायम आहे.

सकाळीच असे नव्हे

स्पेन व इटलीत अंडी मुबलक खाल्ली जातात, पण सकाळी नव्हे. स्पेनमधील बटाट्याचे जाड ऑम्लेट किंवा इटलीतील फ्रिताता हे जेवणातील पदार्थ आहेत. जपानमध्ये मात्र गरम भातावर कच्चे अंडे फोडून सोया सॉसबरोबर खाणे ही न्याहारीची सर्वमान्य रीत आहे. तुर्कस्तानातील मेनेमेन, उत्तर आफ्रिकेतील शाक्शुका आणि मेक्सिकोतील हुएवोस रांचेरोस या तिन्हींत अंडे टोमॅटो-मिरचीच्या रश्शात किंवा रश्शाखाली येते.

महाराष्ट्र व गोवा

भारतीय वैद्यकाला अंड्याचे वावडे नव्हते. चरकसंहितेत हंस, चकोर, कोंबडी, मोर व चिमणी यांच्या अंड्यांचे गुण सांगितले आहेत. धर्मशास्त्राची दृष्टी निराळी होती. मनुस्मृतीने द्विजांना गावकोंबडा निषिद्ध ठरवला. गावातील घाण उकरणारा पक्षी म्हणून तो अशुद्ध, असा विचार त्यामागे दिसतो. जैन व वैष्णव परंपरांत अंडे वर्ज्यच राहिले. ज्या समाजांत कोंबडी खाल्ली जाई, तेथेही डालग्याखालच्या चार-पाच कोंबड्यांची अंडी पिल्लांसाठी, पाहुण्यांसाठी किंवा बाळंतिणीसाठी राखली जात. सकाळचे अन्न म्हणजे भाकरी व रात्रीचे कोरड्यास, पेज, पुढे पोहे, उपमा, थालीपीठ. या यादीत अंड्याला जागा नव्हती.

इंग्रजी छावण्या, डाकबंगले आणि रेल्वे यांनी ती जागा निर्माण केली. पण अंड्याबरोबर पाव येतो, आणि पाव हाच मुळात बाटवणारा मानला जाई. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे समोर आल्यावरून रानडे, टिळक आदींना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. चहा-बिस्किटांची ही कथा, तेथे ऑम्लेट-पावाची काय असणार!

पारशी समाजाला हे बंधन नव्हते. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मऊसर ठेवलेली अकुरी आणि बटाटा, भेंडी, टोमॅटो अशा कोणत्याही भाजीवर अंडी फोडून केलेला ‘पेर ईडू’ हे त्यांचे खास पदार्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द व केर्मान भागांतून आलेल्या इराण्यांनी मुंबई-पुण्यात हॉटेले काढली. मुंबईतील कयानी (१९०४) आणि पुण्यातील गुडलक (१९३५) ही त्यांपैकी आजही चालू असलेली उदाहरणे. घरी अंडे शिजवण्याची सोय नसलेल्या कितीतरी मराठी तरुणांनी पहिले ऑम्लेट इराण्याच्या संगमरवरी टेबलावर खाल्ले. घरात ‘अंड्याची पोळी’ या घरगुती नावाने ते नंतर शिरले, आणि तेही पुष्कळ ठिकाणी वेगळ्या तव्यावर.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. महाराष्ट्रात अंड्याचा सर्वांत लोकप्रिय रस्त्यावरचा पदार्थ, म्हणजे बुर्जी-पाव, हा सकाळचा नाही. बुर्जीच्या गाड्या दिवेलागणीनंतर लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत चालतात. गोव्यातील रोस ऑम्लेट, म्हणजे कोंबडीच्या मसालेदार रश्शाखाली बुडवलेले ऑम्लेट, तेही संध्याकाळीच गाड्यावर मिळते. दिवसभर राबून परतणाऱ्याला झटपट, स्वस्त व गरम अन्न हवे असते. इंग्रज कामगाराला जी गरज सकाळी होती, ती इथे रात्री आहे. चूल आणि वेळ यांचे वर दिलेले कारण यातून आणखी पक्के होते.

उत्पादनाच्या दृष्टीने पुण्याचे महत्त्व मोठे आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये येथे व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग सुरू केला. दलाल ठरवतील तो भाव घ्यावा लागून उत्पादक तोट्यात जात असताना १९८२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि भाव जाहीर करण्याचा अधिकार उत्पादकांनी आपल्या हाती घेतला. रविवार असो वा सोमवार, रोज अंडी खा, अशा अर्थाची समितीची यमकबद्ध हिंदी जाहिरात दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचली. देशातील अंड्यांचे उत्पादन १९५०-५१ मध्ये सुमारे १८३ कोटी होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे १४,२७७ कोटी, म्हणजे वर्षाला माणशी १०३ झाले. तरीही पंचांगाचा प्रभाव टिकून आहे. श्रावणात महाराष्ट्रातील मागणी घटून भाव उतरतात आणि थंडीत, अंडे उष्ण असते या समजुतीमुळे, चढतात.

व्यापारी अंडी नराविना ठेवलेल्या कोंबड्यांची, म्हणजे निर्बीज असल्याने ती शाकाहारी मानावीत का, हा वाद जुना आहे. महात्मा गांधींनी आरोग्यावरील आपल्या पुस्तकात, ज्याला दूध चालते त्याला निर्बीज अंड्यास हरकत नसावी, असे मत मांडले आहे. वेष्टनांवरील खुणांच्या नियमांत मात्र अंडे मांसाहारी गटात धरले जाते.

शालेय आहार

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात आणि ते पातळ करून किंवा भेसळ करून वाटता येत नाही. मुलांच्या आहारात अंडे असावे असे मानणाऱ्यांचा हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. शाळेत वरणातील डाळ किती होती हे कोणी मोजत नाही, पण अंडे मिळाले की नाही हे पहिलीतील मूलही सांगते. तामिळनाडूने १९८९ मध्ये दुपारच्या आहारात पंधरवड्याला एक अंडे देण्यास आरंभ केला. पुढे ते शाळेच्या रोजच्या दिवसापर्यंत आले. महाराष्ट्रात अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागांतील अंगणवाड्यांतून बालकांना अंडी दिली जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील शाळांत आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा अन्य फळ देण्याचा निर्णय झाला. त्यावर काही पालक व धार्मिक गटांनी आक्षेप घेतले. जानेवारी २०२५ मध्ये यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवण्यात आला आणि अंडी द्यायचीच तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत, असे ठरले. ज्या गावांत अंड्याची सर्वाधिक गरज आहे, तेथेच असा सहभाग देणारे हात कमी असतात, ही या व्यवस्थेची उघड अडचण आहे.

तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत मुख्यमंत्री न्याहारी योजनाही सुरू केली. तिच्या पदार्थांत उपमा, खिचडी व पोंगल आहेत. अंडे तेथेही दुपारच्या पानातच वाढले जाते.